साळिंदर दरवर्षी परत येतं, जाळी असूनही: नेमकं काय तपासायचं

तक्रार साधारण अशी असते. पावसाळाभर वाफा छान पोसतो, नवरात्राच्या उपासाला घरची रताळी निघतील असा हिशेब असतो, आणि भाद्रपद सरता सरता एका सकाळी वेल उपसून बाजूला पडलेला दिसतो, खाली खड्डे. कुंपण जागेवर, दार बंद, वॉचमनला काही ऐकू आलेलं नाही. मग जाळीची भोकं बुजवतात, डांबरगोळ्या टाकतात, आठ-पंधरा दिवस बरे जातात, आणि पुन्हा खड्डे. पुढच्या वर्षी हेच. मुलुंडच्या डोंगराकडच्या सोसायट्या, बोरिवली पूर्व, आरेतले पाडे, येऊर, घोडबंदरची जंगलाला टेकलेली बाजू: संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेनं जिथे कुणी मातीत कंद लावतं, तिथे थोड्याफार फरकानं हीच कहाणी.

उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं, आणि त्याला बिलगून शहर. जंगल कुठे संपलं आणि आवार कुठे सुरू झालं, हे रात्री फिरणाऱ्या प्राण्याला तुमच्या जाळीशिवाय दुसरं कोणी सांगत नाही. ही जाळी साळिंदरासाठी बहुतेक वेळा चुकीच्या जागी मजबूत असते. वर काटेरी तार, मध्ये जाड खांब, आणि तळाशी नुसती माती. आपलं साळिंदर चढणाऱ्यातलं नाही, उड्या मारणाऱ्यातलंही नाही. ते तळातून येतं. त्यामुळे पुढे जे लिहिलंय त्यातलं बरंचसं जमिनीलगतच्या हातभर पट्ट्याबद्दल आहे.

आधी खात्री: साळिंदरच आहे ना?

हे विचारायचं कारण असं की मुंबईत रात्री माती उकरणारे उमेदवार बरेच आहेत आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा. सगळ्यात जास्त गल्लत होते घुशीशी. घूस बोगद्यातून येते. ती कंद खालून पोखरते, वरचा वेल तसाच हिरवा उभा असतो आणि दोन-चार दिवसांनी अचानक मान टाकतो. बिळाच्या तोंडाशी भुसभुशीत मातीचा ढीग असतो. साळिंदर वरून उकरतं. वास घेत घेत नेमक्या कंदावर येतं, पुढच्या पायांच्या जाड नख्यांनी खाली निमुळता होत जाणारा खड्डा करतं, माती मागे फेकतं आणि कंद तिथेच बसून खातं. खड्ड्याच्या काठावर अर्धवट कुरतडलेला तुकडा बहुधा सापडतोच. त्यावर पटाशीच्या दातांच्या रुंद, जोडीनं उमटलेल्या खाचा दिसल्या तर घूस नाही, हे नक्की समजा.

रानडुक्कर असेल तर ओळखायला वेळ लागत नाही. ते पुढच्या मुसकटानं अख्खा वाफा नांगरून टाकतं. एका कंदावर त्याचं भागत नाही. चिखलात खुरांचे ठसे असतात. उदमांजर, म्हणजे कांडेचोर, कंदाच्या वाटेला जात नाही. त्याचा डोळा फळांवर, आणि बिया भरलेली विष्ठा ते भिंतीवर किंवा पायरीवर ठेवून जातं. माकडं दिवसाढवळ्या येतात, त्यांची ओळख सांगायला नको.

साळिंदराच्या पावलांचा ठसा ओल्या मातीत चांगला उठतो. सगळा तळवा टेकून चालणारा प्राणी, त्यामुळे ठसा लहान असला तरी भरीव असतो. पुढच्या पायाची चार आणि मागच्याची पाच बोटं उमटतात. शेजारून कधी कधी काटे घासत गेल्याच्या बारीक रेघा. लेंड्या गडद, लांबट, आतून लाकडाच्या भुशासारख्या तंतुमय, एका जागी बऱ्याच पडलेल्या. आणि नशीब असेल तर एखादा काळा-पांढरा पट्ट्यांचा काटा. तो मिळाला तर बाकी तपास करायची गरज नाही.

अजून एक खूण, जिच्यामुळे सोसायटीत उगाच धावपळ होते. डोंगराच्या बाजूला एखाद्या बिळाच्या तोंडाशी हाडं पडलेली दिसतात. लगेच व्हॉट्सॲपवर फोटो, ‘बिबट्याची गुहा’. हाडं हातात न घेता नीट पाहा. त्यांवर शेजारी शेजारी खोल खाचांच्या रांगा असतील तर ती साळिंदरानं आणून कुरतडलेली आहेत. मांस खाण्यासाठी नव्हे. हा उंदरांच्या गणातला, म्हणजे कृंतक प्राणी. त्याचे पटाशीचे दात जन्मभर वाढत राहतात, त्यांना झीज लागते, आणि हाडांतून कॅल्शियम-फॉस्फरस मिळतं. कंदमुळांवर जगणाऱ्याला तिथेच कमी पडतं. जंगलात गळून पडलेली हरणांची शिंगंसुद्धा साळिंदरं अशीच कुरतडून संपवतात. बिबटे या भागात आहेतच, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण हाडांचा ढीग हा त्यांचा पुरावा नाही.

ते परत का येतं

आपल्याकडचं साळिंदर म्हणजे हिस्ट्रिक्स इंडिका. तुर्कस्तान-अरबस्तानापासून भारत, नेपाळ, श्रीलंकेपर्यंत पसरलेली ही जात. पूर्ण वाढलेला प्राणी अकरा ते अठरा किलोंचा, म्हणजे अंगानं मोठं काम. दिवसा बिळात किंवा खडकांच्या कपारीत, बाहेर पडायचं ते अंधार पडल्यावर. ज्या वाटेनं जायचं ती वाट ठरलेली. रोज त्याच झुडपाखालून, त्याच दगडाला वळसा घालून. काही महिन्यांत तिथे गवत दबून पायवाट पडते, रुंदीला जेमतेम वीतभर. तुमच्या कुंपणाबाहेर झुडपांत वाकून पाहिलंत तर ती दिसेल. जिथे ती जाळीला भिडते, तिथेच तुमचा प्रश्न आहे.

म्हणून ‘दुसऱ्या वर्षी परत आलं’ हे म्हणणं बरोबर नाही. ते मधल्या काळातही येत होतं. जाळीबाहेरून, त्याच वाटेनं, जंगलातली मुळं, कंद, साली आणि पडलेली फळं खात. तुमच्याकडे कंद भरले तेव्हा ते आत वळलं, एवढंच. त्याचं नाक जमिनीखालचा पिकलेला कंद वरून हुंगतं. आणि नेमक्या त्याच वेळी कुंपणाचा तळ उघडा पडलेला असतो, कारण मुंबईत चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि उतारावरची माती वाहून जाते. मे महिन्यात जमिनीला टेकलेली जाळी सप्टेंबरात जागोजागी लोंबकळत असते. कंद भरणं आणि तळ उघडा पडणं या दोन गोष्टी दरवर्षी एकाच महिन्यात येतात. दरवर्षी होणाऱ्या त्रासाचं कारण माझ्या मते एवढं साधं आहे, आणि इलाजाची वेळही त्यातूनच ठरते. डागडुजी आवाराच्या वार्षिक कामांबरोबर मार्च-एप्रिलमध्ये उरकून उपयोग नाही. पाऊस ओसरताना, गणपती आटोपले की, एकदा कुंपणाचा तळ सगळीकडून चालून बघायला हवा.

साळिंदर एकटं नसतं, हेही लक्षात घ्या. नर-मादी जोडीनं राहतात, पिल्लांना दोघंही सांभाळतात, आणि आधीच्या विणीची पिल्लं त्याच बिळात असू शकतात. पिल्लं उघड्या डोळ्यांनी जन्मतात. अंगावरचे काटे सुरुवातीला मऊ असतात आणि लवकरच कडक होतात. तेव्हा ‘ते एक साळिंदर पकडून लांब नेऊन सोडलं की झालं’ असं कोणी मीटिंगमध्ये म्हणालं तर त्यांना विचारा, कोणतं एक? शिवाय वाट मोकळी, कंद जागेवर, तर शेजारच्या बिळातलं दुसरं येईल.

आता कोजागिरीची गंमत. इस्राएलच्या नेगेव्ह वाळवंटात याच जातीच्या साळिंदरांचा अभ्यास झाला आहे. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामात दिसलं की चांदण्या रात्री ही जनावरं उघड्यावर वावरायचं टाळतात. शत्रूला दिसू नये म्हणून असावं. आपल्याकडे शहराच्या दिव्यांनी आभाळ तसंही उजळलेलं असतं, त्यामुळे फरक तितका ठळक नसेल. पण उपाय तपासताना हे ध्यानात ठेवा. अमावास्येच्या आसपास खड्डे दिसतात, घाबरून मिरचीचं पाणी फवारतात, पुढच्या पंधरवड्यात चंद्र वाढत जातो, खड्डे कमी होतात, आणि मिरचीला श्रेय मिळतं. पुन्हा अंधारा पंधरवडा आला की ‘मिरचीचा असर गेला’. असर मुळात मिरचीचा होता की चंद्राचा, हे तुम्हीच ठरवा. कुठलाही उपाय एक आख्खा महिना बघितल्याशिवाय चालला म्हणू नका.

तळ कसा बंद करायचा

पहिली गोष्ट, प्लॅस्टिकची हिरवी जाळी विसरा. शेडनेट आणि नायलॉनची जाळी साळिंदराच्या दातांपुढे काहीच नाही. लाकडी फळ्या आणि बांबूही तसेच, कुरतडायला मिळाले तर त्याला बरंच वाटेल. लोखंडी चेनलिंक जाळी हवी, जस्ताचा लेप असलेली, तार चांगली जाड. भोक दोन इंचांपर्यंतचं चालतं. उंचीची चिंता करू नका. फक्त साळिंदरासाठी म्हणाल तर जमिनीवर पाऊण मीटर पुरते. दुकानदार सहा फुटी जाळी गळ्यात मारेल. तीच घ्यायची असेल तर तिचा खालचा दीड-दोन फूट जमिनीत जाऊ द्या.

जमीन नरम असेल तिथे कुंपणाच्या रेषेत हातभर खोल चर खणायचा, जाळी त्यात उतरवायची आणि तळाशी बाहेरच्या बाजूला काटकोनात वळवून फूटभर आडवी पसरायची. मग माती. जाळी बाहेरच्या बाजूला वळवायची, आत नव्हे. गवंडी सवयीनं आत वळवतात, उभं राहून करून घ्या. कारण साळिंदर जाळीला नाक लावून, अगदी तिच्या बुडाशीच उकरायला लागतं. तिथे खाली आडवी जाळी लागली की नखं अडकतात. दोन हात मागे सरकून तिथून बोगदा सुरू करावा, असं ते सहसा करत नाही.

पण मुलुंड-येऊरच्या उतारावर हातभर खणायला कुदळ पुरत नाही. वर वीतभर मुरूम आणि खाली काळा पाषाण. अशा ठिकाणी खणण्याच्या नादी लागू नये. जाळीचा खालचा भाग जमिनीवरच बाहेरच्या बाजूला दोन फूट पसरावा, यू आकाराच्या सळईच्या खुंट्यांनी किंवा जड दगडांनी दाबून टाकावा, आणि उभ्या जाळीला जाड तारेनं घट्ट बांधावा. एका पावसाळ्यात गवत त्यातून वर येतं आणि जाळी जमिनीत मुरल्यासारखी होते. आरेत एका पाड्यावरचे मामा जुने पत्रे आडवे पुरतात, जमिनीत वीतभर आणि वर दोन वीत. दिसायला ओबडधोबड, पण काम चोख. पत्र्यावर नखं घसरतात. शहाबादी फरशीचे तुकडे कुंपणाच्या बुडाशी उभे ठोकले तरी चालतात, फक्त दोन फरश्यांमध्ये फट राहू देऊ नका.

खांब आणि जाळी यांच्या मधली जागा, दाराखालची फट, आणि पाण्याच्या निचऱ्याची तोंडं, इथे खरं घोडं पेंड खातं. सगळीकडे चर खणून पैसे घातलेले असतात आणि लोखंडी दाराखाली अर्धा फूट मोकळा. दार उघडबंद व्हायला हवं म्हणून ती फट ठेवलेली असते. तिथे दाराखाली सिमेंटचा उंबरा करून घ्या, आणि दाराच्या तळाला लोखंडी पट्टी वेल्ड करा. फट तीन बोटांपेक्षा जास्त नको.

ज्यांच्याकडे आवाराला कुंपण नाही, नुसते चार वाफे आहेत, त्यांनी आख्ख्या आवाराच्या मागे लागू नये. पाऊण मीटर उंच विटांचा हौद बांधून त्यात रताळी, कणगर, कोनफळ लावावं. किंवा गोण्यांत माती भरून गच्चीत. आळूकडे दुर्लक्ष केलंत तरी चालेल असं लोक सांगतात, ‘खाजरं असतं, कोण खाणार’. त्या भरवशावर राहू नका.

झाडांचं वेगळं. उन्हाळ्यात, जमीन कडक झाली की, साळिंदर झाडांच्या बुंध्याची साल सोलून खातं. सालीचा पट्टा सगळीकडून गोल निघाला तर झाड वरून हिरवं दिसत असलं तरी वाचत नाही, कारण पानांत तयार झालेलं अन्न मुळांपर्यंत पोचायचा रस्ता सालीतूनच असतो. नव्या लावलेल्या झाडांना, नारळाच्या रोपांना खास, अडीच फूट उंच जाळीचं गोल कडं करावं, बुंध्यापासून वीतभर लांब. जाळी बुंध्याला चिकटून गुंडाळली तर भोकांतून दात पोचतात आणि पुढे झाड जाड झालं की तीच जाळी त्याला कापते. जुन्या जखमेवर शेण-मातीचा लेप लावला तर हरकत नाही, पण गोल सोलून गेलेलं झाड त्यानं वाचणार नाही.

आवारात खायला काय पडलंय तेही बघा. उंबर, फणस, आंबा यांचा सडा, उघडा ओल्या कचऱ्याचा खड्डा, त्यात बटाट्याच्या साली. सोसायटीत खतासाठी खड्डा केला असेल तर त्याला जाळीचं झाकण हवं, वर दोन विटा. भरलेले कंद वेळेत काढा. ‘अजून पोसू देत’ म्हणून महिनाभर ठेवलेला वाफा साळिंदराला सगळ्यात प्रिय.

काय करू नये

डांबरगोळ्या, फिनेल, केसांचे गुंते, मिरची, बिबट्याच्या मुताच्या नावानं विकत मिळणाऱ्या बाटल्या. मुंबईच्या पावसात यातलं काहीही टिकत नाही आणि कोरड्या दिवसांत साळिंदर सरावतं. हालचालीवर पेटणारे दिवे थोडे दिवस दचकवतात. सुतळी बाँब वाजवला तर शेजारी आधी येतील.

फासकी लावू नका. हे ठामपणे सांगतो. डोंगराच्या कडेनं साळिंदर, ससा किंवा डुकरासाठी लावलेल्या तारेच्या फासात बिबट्या अडकतो, आणि मग जे होतं ते कुणालाच नको असतं. कुंपणात घरातल्या लाइनचा करंट सोडणं हा त्याहून वाईट प्रकार. माणसं मरतात, आणि तो सरळ गुन्हा आहे. सौर कुंपण, जे झटका देऊन सोडतं, तज्ज्ञाकडून बसवून घेतलं तर चालू शकतं. पण त्याची खालची तार नाकाच्या उंचीला हवी. पाठीच्या काट्यांना झटका लागत नाही, ते केसांसारखेच निर्जीव. आणि तारेला गवत टेकलं की झटका मातीत जातो, म्हणजे पावसाळाभर गवत कापत बसा.

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली साळिंदराला संरक्षण आहे. मारणं, पकडणं, विष घालणं, सगळंच गुन्ह्यात येतं. आवारातून हलवायची वेळ आलीच, उदाहरणार्थ रिकाम्या टाकीत पडलंय किंवा पार्किंगमध्ये कोंडलंय, तर वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा. ते येईपर्यंत गर्दी हटवणं आणि टाकीत एक जाड, खरखरीत फळी तिरकी टेकवून ठेवणं, एवढं तुमच्याकडून पुरे. कित्येकदा रात्री माणसं पांगली की प्राणी फळीवरून आपला निघून जातो.

बीळ आवाराच्या आतच असेल तर?

असं बंगल्यांच्या मोठ्या आवारात होतं, जुन्या दगडी भिंतीखाली किंवा बांबूच्या बेटात. पहिला विचार असतो तोंड बुजवायचा. करू नका. आत पिल्लं असू शकतात, आणि बिळाला दुसरं तोंड असतंच असं नाही. शिवाय आत साळिंदर एकटंच आहे असं कोण सांगणार? राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात अजगर साळिंदरांच्या बिळांत राहतात, हे अभ्यासकांनी नोंदवून ठेवलं आहे. आपल्याकडेही अजगर, नाग, घोरपड यांना आयतं बीळ आवडतं. हात घालून, काठी ढोसून बघण्याची जागा ही नव्हे.

बिळाच्या तोंडावर दोन-चार सुक्या काटक्या उभ्या खोचून ठेवा आणि सकाळी बघा. पडल्या असतील तर वापर चालू आहे. आठवडाभर जशाच्या तशा राहिल्या तर बहुधा रिकामं. वापर चालू असेल तर वनविभागाला कळवा, आणि तोवर आतल्या बाजूनं वाफ्यांनाच कुंपण घाला. आवाराचं कुंपण अशा वेळी उलट नडतं. साळिंदर आतच राहणार आणि खायलाही आतच शोधणार.

कुत्रा, माणूस आणि काटे

साळिंदर काटे बाणासारखे मारतं, ही समजूत शिकलेल्या माणसांतही घट्ट आहे. मारत नाही. काटे म्हणजे जाड, कडक झालेले केस, कातडीत सैल बसलेले. अंग झाडलं की एखाद-दुसरा गळतो, तेवढंच. त्याच्या शेपटीला पोकळ, टोकाशी उघडे काटे असतात. घाबरलं की ते हलवतं आणि वाळक्या शेंगांसारखा खुळखुळाट होतो. मागचे पाय आपटतं, फुरफुरतं, काटे उभारून दुप्पट मोठं दिसतं. एवढ्यावर समोरचा हटला नाही तर पाठ फिरवतं आणि उलट्या पावली अंगावर धावून येतं. टॉर्च घेतलेला वॉचमन दोन पावलं मागे सरला की प्रकरण तिथेच मिटतं. साळिंदर पाठलाग करत नाही.

कुत्र्याला हे कळत नाही. तो समोरून जातो आणि साळिंदर मागून येतं, त्यामुळे काटे त्याच्या तोंडात, छातीत, पंजात. आपल्या साळिंदराच्या काट्यांना अमेरिकेतल्या साळिंदरासारखे उलटे सूक्ष्म दात नसतात, तरी ते खोल जातात, मोडतात, आणि आत पू धरतो. काटा कापून काढला की सहज निघतो असं सांगणारे भेटतील. कापू नका, ओढूही नका, कुत्र्याला डॉक्टरकडे न्या, तोंडात असेल तर भूल देऊनच काढतील. कुमाऊंमध्ये जिम कॉर्बेटनं मारलेल्या मुक्तेश्वरच्या नरभक्षक वाघिणीचा एक डोळा साळिंदराशी झालेल्या झटापटीत गेला होता, आणि तिच्या पुढच्या पायात पन्नासेक काटे रुतले होते. वाघिणीची ही गत, तर तुमच्या लॅब्रॅडॉरला संध्याकाळनंतर डोंगराच्या बाजूला पट्ट्याशिवाय सोडायचं कारण नाही.

सापडलेल्या काट्यावरून सोसायटीत वेगळंच रामायण होतं. साळिंदराचा काटा घरात टाकला की भांडणं लागतात, कोणीतरी करणी केली, वगैरे. दारात काटा दिसला म्हणून शेजाऱ्यांशी अबोला धरल्याचंही ऐकलं आहे, म्हणजे भांडण लागलंच म्हणा. याच काट्याला गृह्यसूत्रांत मान आहे, सीमंतोन्नयनात गर्भवतीचा भांग तीन पांढरे पट्टे असलेल्या साळिंदराच्या काट्यानं पाडायचा विधी सांगितला आहे. एकाच काट्यानं घर मोडतंही आणि गर्भही राखला जातो, तर मग तो वाफ्याशेजारी पडला असेल तर त्यावरून फक्त एकच अर्थ काढावा: रात्री इथून साळिंदर गेलं. फोटो काढा, जागा लक्षात ठेवा, काटा तिथेच राहू द्या. विकायचा विचार तर अजिबात नको, कायद्यात अडकाल.

जाळी बसवल्यानंतर

पहिल्या महिन्यात साळिंदर जाळीच्या बाहेरून जुन्या जागी उकरून बघणारच. रोज सकाळी जुनी वाट जिथे भिडत होती तिथे एक नजर टाका, उकरलेलं दिसलं तर माती परत लोटून वर दगड ठेवा. हे खड्डे कुंपणाबाहेर, जंगलाच्या हद्दीत असतील तर मात्र हात लावू नका. नेगेव्हमधल्या अभ्यासकांना दिसलं आहे की साळिंदरांनी उकरलेल्या खड्ड्यांत पाणी, बारीक माती आणि बिया साचतात आणि आसपासच्या सपाट जमिनीपेक्षा तिथे रोपं जास्त उगवतात.

जाळी बरोबर बसली, दाराखाली उंबरा झाला, तरी खड्डे सुरूच असतील तर नव्वद टक्के वेळा उत्तर गटारात असतं. डोंगरावरून येणारं पाणी आवारातून काढून द्यायला भिंतीत नऊ-बारा इंचांचे पाइप सोडलेले असतात. पावसाळ्यात त्यांतून पाणी वाहतं तोवर ठीक. ऑक्टोबरात ते कोरडे पडले की साळिंदराला आत शिरायला तयार रस्ता. पाइपच्या बाहेरच्या तोंडाला लोखंडी गजांची चौकट हवी, गजांत तीन बोटांचं अंतर. पण ती सिमेंटनं कायमची पक्की करू नका. पहिल्याच मोठ्या पावसात पालापाचोळा आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या तिथे अडकतील, पाणी तुंबेल आणि सेक्रेटरी चिडून चौकट उखडून टाकेल. एका बाजूला बिजागऱ्या, दुसऱ्या बाजूला कडी आणि कडीत वाकवलेली तार असू द्या. मे अखेरीस चौकट उघडून ठेवायची, पाऊस थांबला की पाइप साफ करून लावायची, आणि हे काम वॉचमनच्या यादीत लिहून ठेवायचं.